ज्यूडीची पत्रे



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याची कृती मागितली असती तर एका बैठकीत लिहून दिली असती. पण त्या म्हणाल्या, "अहो वहिनी, पाककृती ढीगभर आल्या आहेत. तुम्ही यंदा इतिहासावर लिहा." आता इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. त्यावर लिहिणारी जाणती माणसे पुष्कळ आहेत. मी आपली एका पुस्तकाचा इतिहास सांगणार आहे. पुस्तक अमेरिकेतले, १९१२ सालचे, आणि ऐकताना हसून हसून पुरेवाट करणारे. त्याचे नाव 'डॅडी लाँग लेग्ज'. लिहिणारी बाई जीन वेब्स्टर.

हे पुस्तक माझ्या हाती कसे आले तेही सांगते. माझी धाकटी लेक कॉलेजात शिकते. तिने ते वाचनालयातून आणले. पुस्तक इंग्रजी, तेव्हा मला वाचता येण्यासारखे नव्हते. पण दुपारी मी तांदूळ निवडावयास बसले की ती शेजारी बसून एकेक पत्र वाची आणि मराठीत सांगे. दोन दिवसांत तांदूळ संपले. गोष्ट अर्ध्यावर होती, म्हणून मी मुद्दाम गव्हाचा डबा काढला! पुढे मी सारखी "ही बाई कोण? कुठली?" असे विचारू लागले, तेव्हा तिने आणखी माहिती मिळवून दिली. त्यातले जे नीट समजले व पटले तेवढेच येथे लिहीत आहे.

आधी गोष्ट सांगते. जॉन ग्रियर होम नावाचा एक अनाथाश्रम आहे. त्यात ९७ मुले. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी आश्रमाचे विश्वस्त पाहणीस यावयाचे. त्या दिवशी सकाळपासून फरशा घासावयाच्या, खुर्च्या पुसावयाच्या, आणि ९७ मुलांना न्हाऊ-माखू घालून, केस विंचरून, खळ घातलेले चौकड्यांचे कपडे चढवून उभे करावयाचे. विश्वस्तांनी काही विचारले तर "होय साहेब", "नाही साहेब" एवढेच बोलावयाचे. या सगळ्या कामाचा भार आश्रमातल्या सर्वांत मोठ्या मुलीवर. तिचे नाव जेरुशा ॲबट. हे नावही कसे मिळाले पाहा. ॲबट हे आडनाव व्यवस्थापिकाबाईंनी टेलिफोनच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरून उचलले, आणि जेरुशा हे नाव एका थडग्यावरच्या दगडावरून!

या मुलीने शाळेत एक निबंध लिहिला, त्या बुधवारच्या धांदलीवरच. निबंधात आश्रमाची आणि विश्वस्तांची चांगलीच टिंगल होती. व्यवस्थापिकाबाई संतापल्या. पण एका विश्वस्ताला तो निबंध वाचून हसू आवरेना. त्याने ठरविले, या मुलीला कॉलेजात पाठवावयाचे आणि लेखिका करावयाचे. खर्च सगळा तो देणार, वर महिन्याला ३५ डॉलर हातखर्चास देणार. अट एकच. तिने दरमहा त्याला एक पत्र लिहावे. त्यात पैशांबद्दल आभार नकोत, फक्त अभ्यासाची आणि रोजच्या जीवनाची हकिगत असावी. तो मात्र उत्तर देणार नाही. त्याचे खरे नावही तिला कळावयाचे नाही. पत्रे 'जॉन स्मिथ' या खोट्या नावाने पाठवावयाची.

जेरुशाने त्याचा चेहरा पाहिलेला नव्हता. तो आश्रमातून बाहेर पडत असताना मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात त्याची सावली मात्र भिंतीवर पडलेली तिने पाहिली होती. हातपाय लांबच लांब, अगदी लांब टांगांच्या कोळ्यासारखे. त्या किड्याला तिकडे 'डॅडी लाँग लेग्ज' म्हणतात. झाले! आपल्या दात्याचे तिने तेच नाव ठेवले, आणि स्वतःचे थडग्यावरचे नाव टाकून 'ज्यूडी' हे नाव घेतले. पुढचे सगळे पुस्तक म्हणजे तिने चार वर्षांत लिहिलेली पत्रे. पत्रांत मधून मधून वेडीवाकडी चित्रेही आहेत. ती लेखिकेने स्वतःच काढलेली आहेत.

आता ही लेखिका कोण? तिचे मूळ नाव ॲलिस जेन. जन्म २४ जुलै १८७६, न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया या गावी. मार्क ट्वेन हा विनोदी लेखक आपल्यापैकी पुष्कळांनी नावाने तरी ऐकला असेल. त्याच्या सख्ख्या भाचीची ही मुलगी. तिचे वडील ट्वेनची पुस्तके छापीत असत. घरात आई, आजी आणि पणजीही होती. पणजीने दारूबंदीसाठी काम केले, आजीने बायकांच्या मताधिकारासाठी. म्हणजे पोरीने पाळण्यातच सभेची भाषणे ऐकली असली पाहिजेत! पण सुखाबरोबर दुःखही होते. छापखान्याच्या धंद्यात मामा आणि वडील यांचे फाटले. वडिलांची प्रकृती ढासळली आणि १८९१ साली त्यांनी जीव दिला. तेव्हा ही अवघी १४ वर्षांची होती.

पुढे ती दुसऱ्या गावी शाळेत राहावयास गेली. तेथे तिच्या खोलीतल्या मुलीचे नावही ॲलिसच निघाले. दोघींची गल्लत होऊ लागली, तेव्हा हिने आपले नाव बदलून 'जीन' असे घेतले. तिची ज्यूडीही स्वतःचे नाव स्वतः ठेवते, ते उगीच नव्हे. आपल्याकडे सासरी नाव बदलण्याची चाल होती. माझ्या सासूबाईंचे बदलले होते. पण ते बदलणारे दुसरेच असावयाचे. आपले नाव आपण ठेवण्यात काय गंमत असेल, याचा मी त्या दुपारी प्रथमच विचार केला.

१८९७ साली जीन व्हॅसार कॉलेजात दाखल झाली आणि १९०१ साली पदवीधर झाली. या कॉलेजाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ज्यूडीच्या पत्रांतले वसतिगृह, तिथल्या मैत्रिणी, परीक्षा आणि खेळ हे सगळे तिथूनच आलेले आहे. पोकीप्सी नावाच्या गावी मॅथ्यू व्हॅसार नावाचा एक श्रीमंत गृहस्थ होता. बियर गाळण्याच्या धंद्यात त्याने पैसा मिळविला होता. तो पैसा त्याने १८६१ साली मुलींचे कॉलेज काढण्यात घातला, आणि १८६५ साली तेथे शिकवणे सुरू झाले. मुलांना जे शिकवितात तेच मुलींना शिकवावयाचे, असा त्याचा आग्रह. मारिया मिचेल नावाच्या प्रसिद्ध बाई तेथे खगोलशास्त्र शिकवीत. पुढे १९०८ साली तेथल्या विद्यार्थिनींना मताधिकाराची सभा भरवावयाची होती. कॉलेजचे अध्यक्ष म्हणाले, माझ्या आवारात नाही. तेव्हा मुलींनी कुंपणाबाहेरच्या कबरस्तानात सभा भरविली! जिवंतांनी परवानगी नाकारली तेव्हा मेलेल्यांनी जागा दिली, असे माझी लेक म्हणाली.

जीन तेथे इंग्रजी आणि अर्थशास्त्र शिकली. अभ्यासाचा भाग म्हणून विद्यार्थिनींना अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांच्या संस्था पाहावयास नेत असत. आश्रमातला तो बुधवार, ते एकसारखे चौकड्यांचे कपडे, ती "होय साहेब"ची पोपटपंची यांची बीजे तिच्या मनात तेव्हाच पडली असली पाहिजेत. आणि लक्षात घ्या, त्या भेटींत ती स्वतःही पाहणी करणाऱ्यांतलीच एक होती. पण तिने गोष्ट लिहिली ती पाहणाऱ्यांच्या बाजूने नव्हे, रांगेत उभ्या असलेल्या मुलीच्या बाजूने. मला या बाईचे मोठेपण येथे वाटते.

पोकीप्सी हे नाव माझ्या लेकीने उच्चारले तेव्हा ती एकदम थांबली आणि म्हणाली, "आई, हे गाव आपल्या ओळखीचे आहे." श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ सालची कादंबरी आपल्यापैकी बहुतेकींनी वाचली आहे. कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या, नवव्या वर्षी लग्न झालेल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झालेल्या त्याच आनंदीबाई जोशी. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या क्षयाने गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेत त्यांच्या पाठीराख्या कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि त्या बाईंनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. ती दफनभूमी याच पोकीप्सी गावची. म्हणजे व्हॅसार कॉलेज उघडले त्या वर्षी आपली आनंदी जन्मली, आणि जीन वेब्स्टर तेथे शिकत होती तेव्हा त्याच गावात आपल्या कल्याणच्या लेकीची रक्षा दहा वर्षांपूर्वीच येऊन विसावली होती. जीनला हे ठाऊक होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण मला त्या गावाबद्दल तेव्हापासून माहेरासारखी माया वाटू लागली.

ही आठवण मी उगीच काढली नाही. आनंदीबाईंची हकिगतही पत्रांचीच आहे आणि दात्यांचीच आहे. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. त्याचा रोख असा, की आधी ख्रिस्ती व्हा, मग पाहू. तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापून आला. रोसेल गावच्या कार्पेंटरबाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले मासिक त्यांनी चाळले, आणि पत्र वाचून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी आपणहून पत्र लिहिले. धर्म बदल, वेष बदल, असे काही नाही. १८८३ साली आनंदीबाई बोटीने तेथे पोचल्या, तेव्हा या बाईंनी त्यांना घरी नेले. आनंदीबाई त्यांना मावशीच मानीत असत.

म्हणजे दाते दोन प्रकारचे झाले. एक म्हणतो, मी देईन, पण तू माझ्यासारखी हो. दुसरी म्हणते, तू तुझ्यासारखी राहा, माझ्या घरी ये. ज्यूडीचा डॅडी लाँग लेग्ज या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. ते पुढे सांगते.

कॉलेजात गेल्यावर ज्यूडीची पहिली अडचण अशी, की इतर मुलींना जे आईच्या मांडीवर कळले ते तिला ठाऊकच नाही. मायकेलॲंजेलो हे चित्रकाराचे नाव. तिला वाटले हा कोणी देवदूत, आणि सगळा वर्ग हसला. सगळ्या मुली लहानपणी वाचतात ती 'लिटल विमेन' नावाची गोष्ट तिने वाचलेली नाही. मग ती गुपचूप पुस्तक विकत आणून वाचते, रात्र रात्र जागते. पण रडगाणे गात नाही. आपल्या अज्ञानाची ती स्वतःच टिंगल करते. मी सातवीची, मला हा भाग फार जवळचा वाटला. लग्नानंतर चार शिकलेल्या बायकांत बसले की कोणत्या शब्दाला हसावयाचे आणि कोणत्या शब्दाला गप्प बसावयाचे, हे मी इतरांच्या तोंडाकडे पाहून ठरवीत असे.

हसता हसता ती एकदम काळजाला चिमटा काढते. आश्रमातून गावच्या शाळेत जाताना तिला धर्मादाय पेटीतले जुने कपडे घालावे लागत. वर्गात नेमकी तिच्या शेजारी अशी मुलगी यावयाची, की तो झगा जिचा होता. मग ती मुलगी कुजबुजे, खुदखुदे आणि इतरांना बोट दाखवी. कॉलेजातल्या नव्या कपड्यांनीही तो घाव भरून येत नाही, असे ज्यूडी लिहिते. हे वाक्य ऐकले तेव्हा माझे निवडणे थांबले. ते का थांबले, ते शेवटी सांगेन.

ही मुलगी मदत घेते, पण मिंधी होत नाही. दात्याने टोप्यांसाठी ५० डॉलरचा चेक पाठविला, तो ती परत करते. म्हणते, शिक्षणाचे पैसे वेगळे, चैनीची भीक नको. तिला शिष्यवृत्ती मिळते. दाता कळवितो, घेऊ नकोस. ती घेते! तो युरोपच्या प्रवासाला जावयास सांगतो. ती न जाता सुट्टीत दोन मुलींची शिकवणी करते. शेवटी तिची कादंबरी खपते, तेव्हा हाती आलेले १००० डॉलर ती त्याला पाठविते, आणि उरलेले कर्जही फेडीन म्हणते. मधल्या काळात ती कथा लिहिते, त्या परत येतात, पुन्हा लिहिते. एका पत्रात तर गमतीने विचारते, की मला मताचा हक्क मिळाला तर मी चांगली मतदार होणार नाही का? तेव्हा १९१२ साल होते. न्यूयॉर्क राज्यातल्या बायकांना मत मिळाले १९१७ साली, आणि साऱ्या देशात १९२० साली.

आता पुस्तकातला खोडाही सांगते. मैत्रिणीचा काका, जर्व्हिस पेंडलटन नावाचा सधन तरुण, ज्यूडीला अधूनमधून भेटतो. तिच्याहून १४ वर्षांनी मोठा. तिला तो आवडतो. तोच डॅडी लाँग लेग्ज, हे तिला अगदी शेवटी कळते, आणि दोघांचे लग्न ठरते. कथा गोड संपते. पण माझ्या मनात खडा राहिला. ती त्याच्याविषयीच त्याला भाबडेपणाने लिहीत होती, आणि तो सगळे वाचून गप्प होता. एका मुलाबरोबर तिने सुट्टीत राहू नये म्हणून त्याने दात्याच्या नावाने हुकूमही सोडला. हा खेळ बरोबरीचा नव्हे. मी लेकीला म्हटले, "मला नाही हो आवडले." ती म्हणाली, "आई, शंभर वर्षांनी कितीतरी वाचणाऱ्यांना ते आवडलेले नाही." मग मला जरा बरे वाटले. माझी अक्कल अगदीच सातवीची नाही म्हणावयाची!

पण या हसऱ्या पुस्तकाने बाहेरच्या जगात काय केले तेही पाहा. ते १९१२ सालचे, म्हणजे अमेरिकेत अनाथ मुलांचा प्रश्न ऐरणीवर आलेल्या काळातले. १९०९ साली तिकडचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी यासाठी परिषद भरविली होती. मुलांना मोठमोठ्या आश्रमांत कोंडण्यापेक्षा घरांत वाढवावे, आई असेल तर केवळ गरिबीपायी तिच्यापासून तोडू नये, असे त्या परिषदेत ठरले. १९१२ सालीच मुलांच्या हिताकडे पाहणारे सरकारी खाते निघाले. त्याच्या प्रमुख ज्यूलिया लेथ्रॉप, आणि त्याही व्हॅसारच्याच पदवीधर. परिषदेचे ठराव किती जणांनी वाचले असतील? पण ज्यूडीची पत्रे आधी बायकांच्या एका मासिकातून आणि मग पुस्तकरूपाने घरोघर गेली. १९१४ साली लेखिकेने स्वतःच त्याचे नाटक केले. ते न्यूयॉर्कला १९१५ च्या मे महिन्यापर्यंत चालले. त्या वेळी डॅडी लाँग लेग्ज नावाच्या बाहुल्या विकून अनाथ मुलांना घरे मिळवून देण्यासाठी पैसा जमविण्यात आला. पुढे मूकपटापासून नाचगाण्यांच्या रंगीत चित्रपटापर्यंत त्यावर कितीतरी चित्रे निघाली.

१९१५ साली जीन वेब्स्टरने दुसरा भाग लिहिला, 'डिअर एनिमी'. त्यात ज्यूडीची मैत्रीण सॅली नायिका आहे. ही श्रीमंताघरची, नाचगाण्यात रमलेली, अविवाहित मुलगी. तिला ज्यूडी त्याच आश्रमाची व्यवस्थापिका नेमते. सॅली आधी हसण्यावारी नेते, पळून जाईन म्हणते. पण येऊन पाहते तो अंधारे जेवणघर, बेचव जेवण आणि तेच चौकड्यांचे कपडे. मग पदर खोचून कामाला लागते. कपड्यांना रंग आणते, ताटात चव आणते, मुलांना झाडांखाली मोकळे सोडते. लग्न ठरलेला पुढारी तिला हे सोडून ये म्हणतो, तर ती त्यालाच सोडते! तिचे सगळे आयुष्य उलटेपालटे होते, आणि ते तिने स्वतःच्या हाताने केलेले असते. खरे सांगते, मला ज्यूडीपेक्षा सॅलीच अधिक आवडली.

या दुसऱ्या पुस्तकात मात्र एक काळा डाग आहे. तो झाकून ठेवणे बरोबर नव्हे. त्या काळी तिकडच्या पुष्कळ शिकलेल्या लोकांना वाटे, की दुर्गुण आणि मतिमंदपणा रक्तातूनच येतात, आणि तसल्या घराण्यांची वाढच होऊ देऊ नये. सॅली आणि आश्रमाचे डॉक्टर यांच्या बोलण्यात हे विचार येतात. पुढे ते शास्त्र खोटे ठरले, आणि त्याच्या नावावर जगात फार क्रूर कृत्ये झाली. एवढ्या मायाळू बाईलाही आपल्या काळाची झापडे होती. आपल्यालाही असतीलच. ती कोणती, हे आपल्या नाती सांगतील.

जीनने १९१५ सालीच लग्न केले. ११ जून १९१६ रोजी, मुलीला जन्म दिल्यावर काही तासांतच तिचा अंत झाला. वय ३९. शिकलेली, मोठ्या शहरातल्या इस्पितळातली बाई, पण बाळंतपणाने तिलाही सोडले नाही. मताचा हक्क तिने मागितला, मिळालेला पाहिला नाही. आणि ज्या बाईने आईवेगळ्या मुलांसाठी लिहिले, तिची स्वतःची लेक आईवेगळी वाढली.

आता मघाशी माझे निवडणे का थांबले ते सांगते, आणि लेखणी आवरती घेते.

आपले मंडळ दरवर्षी जूनमध्ये गरजू मुलींना वह्या-दप्तरे देते. काम चांगले आहे, त्यात शंका नाही. मी स्वतः गेली नऊ वर्षे त्यात आहे. आपण मुलींना तेल लावून, वेण्या घालून, वेळेवर यावयास सांगतो. एकेकीचे नाव पुकारतो. ती व्यासपीठावर येते, वाकून नमस्कार करते, फोटो निघतो. शेवटी एक मुलगी आभाराचे भाषण करते. दोन वर्षांमागे ते भाषण मी बसविले होते. त्या मुलीने सगळे चोख पाठ केले, आणि जाताना दारात थांबून विचारले, "काकू, वह्या मागाहून तुमच्या घरी येऊन नेल्या तर चालतील का?" मी हसून म्हटले, "अगं, लाजतेस काय? फोटो येईल तुझा!" ती काही बोलली नाही. तिने भाषण छान केले. सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या.

ज्यूडीचा तो जुना झगा आणि कुजबुजणारी शेजारीण ऐकली तेव्हा मला ती मुलगी आठवली. तिच्या वर्गातल्या मुली समोर प्रेक्षकांत बसल्या होत्या. आपल्या सभासदांच्याच मुली. आमचा तो समारंभ म्हणजे तिचा पहिला बुधवार होता, आणि विश्वस्तांच्या खुर्चीत मी बसले होते.

माझ्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा नदीपलीकडे. आमच्या घरी पैसा नव्हता, आणि मागावयाचा कोणाकडे, कसा, चार लोकांत हात कसा पसरावयाचा, या लाजेने वडिलांनी तोंड उघडले नाही. कोणी गुपचूप देणारे असते तर कदाचित मी हे इंग्रजी पुस्तक स्वतः वाचले असते. हे रडगाणे नव्हे. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की मदत न मिळाल्याने मुली मागे राहतात, तशा मदत मागण्याच्या लाजेनेही राहतात.

म्हणून या वर्धापनदिनी माझी एक सूचना आहे, ती पुढच्या सभेत चर्चेला घ्यावी. यंदापासून व्यासपीठ नको, फोटो नको, आभाराचे भाषण नको. वह्या शाळेतल्या बाईंच्या हाती द्याव्या, किंवा ज्या त्या घरी नेऊन पोचवाव्या. संध्याकाळच्या वेळी, पिशवीत घालून, भाजी न्यावी तशा. आणि त्या मुलींपैकी कोणाला आपल्या मंडळाविषयी निबंध लिहावासा वाटला, तर तिने खुशाल लिहावा. त्यात आमची टिंगल असली तरी चालेल. आम्ही सगळ्या मिळून वाचू, आणि हसून घेऊ.

त्या मुलीच्या यंदाच्या वह्या मी स्वतः तिच्या घरी देऊन आले. तिच्या आईने चहा केला. वह्यांचा विषय कोणी काढला नाही.